स्टेजवर गेली की ब्लँक होते, नाव काढून घेऊ का?

मी जळगावात समुपदेशनाचं काम करते, आणि ऑगस्ट लागला की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठेंची जयंती असते. शाळा-कॉलेजांतला भाषणांचा मोसम तिथून सुरू होतो, तो १२ जानेवारीच्या विवेकानंद जयंतीपर्यंत आणि पुढे गॅदरिंगपर्यंत चालतो. वक्तृत्व, वादविवाद, फिरते चषक. पालक जळगावचे असोत, धुळ्याचे असोत की नंदुरबारकडचे, वाक्य जवळपास तेच असतं. "मॅडम, घरी घडाघडा बोलते. स्टेजवर गेली की ब्लँक होते. यंदा स्पर्धेतून नाव काढून घेऊ का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. नाव काढू नका. पण नुसतं एवढंच सांगून पालकांचं समाधान होत नाही आणि मुलांचा तर मुळीच फायदा होत नाही. म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. तिला इथे वैशाली म्हणू. नाव आणि घरातले बरेच तपशील बदलले आहेत, अनेक भेटींतलं मोजकंच घेतलं आहे, आणि लिहिण्याआधी तिची व तिच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे.

वैशाली अमळनेर तालुक्यातल्या एका गावची, अकरावीतली. घरी कापसाची शेती, घरात बोली अहिराणी. कॉलेजच्या सरांनी तिला तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेत उभं केलं होतं. विषय होता, 'शेतकऱ्याच्या मुलांनी शेतीच करावी'. वैशाली आणि तिच्या जोडीदाराला प्रतिकूल बाजू आली. बोलायला पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला सूचक घंटा, पाचव्याला अंतिम घंटा, आणि दोन्ही बाजू झाल्या की खंडनाला दोन मिनिटं. तिचं मूळ भाषण चांगलं झालं. खंडनाच्या वेळी समोरचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "ज्या कापसाच्या पैशावर माझी मैत्रीण शिकली, त्याच कापसाला आज ती नावं ठेवते आहे." टाळ्या पडल्या. वैशाली उत्तराला उठली, माइकपाशी गेली आणि तिला एक शब्द आठवेना. ती तशीच उभी राहिली. मग खाली उतरली.

तेव्हापासून पोटदुखी. कॉलेजने जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पुन्हा तिचंच नाव दिलं, तर जेवण कमी झालं. आई तिला घेऊन जळगावला आली ती हेच विचारायला, की सरांना सांगून नाव काढलं तर चालेल का.

मी वैशालीला विचारलं, "स्टेजवर त्या वेळी मनात काय चाललं होतं?"

"काहीच नाही. ब्लँक."

"ब्लँक व्हायच्या अर्धा मिनिट आधी?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी अडकले तर सगळं संपलं. असं."

अशा वेळी मुलांना 'अगं काही संपत नाही, घाबरायचं नाही' म्हणणं फार सोपं असतं. घरीदारी सगळे तेच म्हणत असतात. त्याने मुलाला एवढंच कळतं की आपल्याला जे वाटतं ते समोरच्याला ऐकायचं नाही. मी तसं म्हणत नाही. मी ज्या विचारसरणीत शिकले आणि जिच्यावर माझा मनापासून विश्वास आहे, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. आपल्याकडे ती डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं सांगणं साधं आहे. स्टेज आपल्याला घाबरवत नाही. स्टेजबद्दल आपण मनाशी जे वाक्य घट्ट धरलेलं असतं, ते घाबरवतं. ते वाक्य बाहेर काढायचं आणि ते खरं आहे का हे तपासायचं. खुद्द एलिस यांना तरुणपणी चारचौघांत बोलायची विलक्षण भीती होती. एका राजकीय गटाचं काम करताना त्यांनी ठरवून, पुन्हापुन्हा सभांमधून बोलायला सुरुवात केली आणि ती भीती घालवली. हे मी मुलांना आवर्जून सांगते, कारण पुस्तकं लिहिणारी माणसं जन्मतःच धीट असतात असं त्यांना वाटत असतं.

वैशालीच्या बाबतीत मला एक गोष्ट सारखी जाणवत होती. ही मुलगी वादविवादातली आहे. दुसऱ्याचा मुद्दा उचलून तो कुठे लंगडा आहे हे दाखवणं तिला येतं, त्यासाठीच तर सरांनी तिला निवडलं होतं. पण स्वतःच्या डोक्यातल्या वाक्यासमोर ती कधी प्रतिकूल बाजूला उभीच राहिली नव्हती. ते वाक्य बिनविरोध निवडून आलं होतं.

मग मी तिला म्हटलं, "आपण इथेच स्पर्धा घेऊ. प्रस्ताव, 'मी स्टेजवर अडकले तर सगळं संपलं'. आधी अनुकूल बाजू तूच मांड. पाच मिनिटं."

"अनुकूल?" तिला वाटलं होतं मी खंडन करायला सांगेन.

"हो. एखाद्या वाक्यावर इतका विश्वास असेल तर त्याच्या बाजूने पाच मिनिटं तरी बोलता यायला हवं."

टेबलावर माझी एक लहान घंटी असते, ती मी पुढे घेतली. मोबाइलवर वेळ लावला. वैशाली उठून उभी राहिली, ओढणी नीट केली, आणि सवयीने म्हणाली, "सन्माननीय व्यासपीठ..." मग हसली. मग खरंच बोलायला लागली. पहिला मुद्दा, लोक हसतात. दुसरा मुद्दा, कॉलेजचं नाव खराब होतं. तिसरा मुद्दा, सर पुन्हा घेणार नाहीत. इथे ती स्वतःच थांबली, कारण सरांनी तर पुन्हा तिचंच नाव दिलं होतं, त्यावरूनच सगळा घोळ होता. तिने पहिला मुद्दा वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडला. घड्याळात दीड मिनिटही झालं नव्हतं.

"बोल. साडेतीन मिनिटं आहेत अजून."

"मॅडम, मुद्दे संपले."

"जिल्ह्याच्या स्पर्धेत एखादी जोडी दीड मिनिटात संपली तर तू काय म्हणशील?"

"बाजूच कमकुवत आहे म्हणेन."

मी काही बोलले नाही. घंटीही वाजवली नाही. वेळ चालू ठेवली. समुपदेशनात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा, जिथे माणसाचे तयार मुद्दे संपलेले असतात आणि वेळ शिल्लक असते. वैशाली खिडकीकडे बघत होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, समोरच्या कागदाकडे बघत बसले. आणि मग, चौथं मिनिट होत आलं असेल तेव्हा, ती हळूच म्हणाली, "एक मुद्दा राहिला."

"मांड."

"पप्पा तिथे होते."

तिसऱ्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सकाळचं पाणी देणं भावावर सोपवून आले होते. आणि त्यांच्यासमोर तिने सांगितलं होतं की शेती परवडत नाही. तिच्या भाषणात आकडे होते. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये जाहीर झाला, पण वेचणीची मजुरी, फवारणी, बोंडअळीचा फटका हे सगळं धरून हातात काय राहतं, असा सगळा हिशेब होता. तो हिशेब तिने घरी पप्पांनाच विचारून काढला होता. आणि मग समोरचा मुलगा म्हणाला, ज्या कापसावर शिकली त्याला नावं ठेवते.

"मला पप्पांकडे बघायचंच नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी कुणाकडेच बघितलं नाही. मग काही आठवलंच नाही."

आई शेजारी बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही मनात आलं, की केवढी हुशार मुलगी आणि केवढं ओझं एकटीने वाहते आहे. महिनाभर सगळे तिला पाठांतर वाढव, बदाम खा, देवाचं नाव घे असं सांगत होते. दुखणं स्मरणशक्तीचं नव्हतंच. लोक हसतील हे भीतीचं वरचं पांघरूण असतं. त्याच्या खाली बहुतेक वेळा एखादंच माणूस असतं, ज्याच्या नजरेतून उतरायची आपल्याला धास्ती असते. मुलगा असो की मुलगी, मोठ्या सभागृहाला सहसा घाबरत नाही. त्या सभागृहातल्या एका खुर्चीला घाबरतो. इतक्या वर्षांच्या कामानंतर हे मी खात्रीने सांगते.

आता आईचं म्हणणं साहजिक होतं, की पप्पांना बोलावू, ते सांगतील की मी रागावलो नाही, झालं. मी तिला थांबवलं. पप्पा तसं म्हणतील याची मलाही जवळपास खात्री होती. पण मुलीचा धीर पप्पांच्या 'नाही गं बेटा' वर टेकवला, तर उद्या तिसऱ्या रांगेत दुसरं कुणी बसेल आणि पुन्हा तेच होईल. म्हणून मी आधी उलट विचारलं.

"समज, पप्पांना खरंच वाईट वाटलं. खरंच राग आला. मग?"

"बोलणार नाहीत माझ्याशी."

"किती दिवस?"

"एक दिवस." मग विचार करून, "रात्री जेवायला तरी बोलावतीलच."

"आणि तू केलेला कापसाचा हिशेब? तो त्यांच्या रागाने खोटा ठरेल?"

"नाही. हिशेब तर त्यांनीच सांगितला होता."

"मग आता खंडन कर. वेळ दोन मिनिटं."

त्या दोन मिनिटांत वैशाली जे बोलली ते मला अजून आठवतं. कापूस परवडत नाही असं म्हणणं म्हणजे कापूस पिकवणाऱ्याला कमी लेखणं नव्हे. उलट, ज्याच्या घरी तो पिकतो त्याच्या मुलीने हिशेब मांडला नाही तर कोण मांडणार. आणि पप्पांना वाईट वाटलं तर ते मला वाईट वाटेल, पण त्याने काही संपणार नाही. शेवटचं वाक्य तिने तीन वेळा, प्रत्येक वेळी जरा जास्त ठामपणे म्हटलं. अंतिम घंटा मी जोरात वाजवली.

पप्पांशी बोलणं नंतर झालं, घरी, तिनेच काढलं. पुढच्या वेळी ते स्वतः सोबत आले. कमी बोलणारा माणूस. मला म्हणाले, "ती बोलली ते खरंच शे ना मॅडम. कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं." वैशाली खाली बघून हसत होती. त्या क्षणी ते ऐकून तिला आनंद झाला, आधार म्हणून तिला त्याची गरज उरली नव्हती. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

पण नुसत्या समजुतीने भीती जात नाही. डोक्याला पटलेलं पायांना पटायला वेळ लागतो आणि त्यासाठी काहीतरी करावं लागतं. एलिस आपल्याकडे येणाऱ्या लोकांना मुद्दाम चारचौघांत विचित्र दिसेल असं काही करायला लावत. केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवणं, हा त्यांचा गाजलेला गृहपाठ. वैशालीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडम, माझे मामा रावेरचे, केळीच्या भागातले. तिथे असं केलं तर लोक फक्त भाव विचारतील." मग आम्ही दुसरा निवडला, तोही एलिस यांचाच. गाडीत स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारायची. त्या संध्याकाळी जळगावहून अमळनेरला परत जाताना पॅसेंजरच्या डब्यात उभं राहून वैशाली ओरडली, "पाळधी आलं, पाळधी!" कुणी मान वर केली नाही. मग "धरणगाव आलं!" एक माणूस पिशवी उचलून दाराकडे गेला. एका बाईने विचारलं, "अमळनेरले किती टाइम शे वं?" बस, एवढंच घडलं. आई सांगत होती की पोरीचा चेहरा लाल झाला होता, पण पाळधीपेक्षा धरणगावचा आवाज मोठा होता.

लोक आपल्याकडे जितकं बघतात असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा कितीतरी कमी बघत असतात, हे मुलांना सांगून पटत नाही, असं अनुभवूनच पटतं. तरी एक अभ्यास मी हमखास सांगते, कारण वादविवादवाल्या मुलांना पुरावा लागतो. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिलं, की भाषण करणाऱ्याला आपली घबराट जितकी उघडी पडली आहे असं वाटतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसतच नाही. आणि ही गोष्ट आधीच सांगितली तर भाषण सुधारतं. वैशालीने यावर एक आठवण सांगितली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा ती शाळेतर्फे गेली होती. मी विचारलं, "तिथे बोलताना कुणी अडखळलं होतं का?" म्हणाली, "हो, एकांना कागदच सापडत नव्हता." "कोण होते ते?" तिला आठवेना. "पण ते नंतर मस्त बोलले होते," एवढं मात्र आठवत होतं.

आता तयारीबद्दल थोडं. इथे मला शिक्षकांशी आणि पालकांशी स्पष्ट बोलायचं आहे.

वैशालीचं तालुक्याचं भाषण सरांनी लिहून दिलं होतं. सुंदर लिहिलं होतं, संस्कृत शब्द, सुभाषितं, कवितेच्या ओळी. ती घरी बोलते त्या भाषेपासून फार दूर. आणि लांब. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द हा ऐकणाऱ्याला झेपणारा वेग आहे, म्हणजे पाच मिनिटांत सहाशेच्या आसपास शब्द. तिचं भाषण त्याच्या दीडपट होतं. ते पाच मिनिटांत बसवायचं म्हणून ती धावत होती, आणि धावताना श्वास वर लागतो, छाती धडधडते, मग मुलीला वाटतं आपण घाबरलो. पाठ केलेलं भाषण सायकलच्या चेनसारखं असतं, एक कडी निसटली की पायडल नुसतं गरगर फिरत राहतं. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यातला एक शब्द गेला की पुढचं वाक्य कुठून आणायचं ते मुलाला कळत नाही. स्वतःचा मुद्दा असेल तर एका शब्दाच्या जागी दुसरा चालतो.

म्हणून शिक्षकांनो, भाषण लिहून देऊ नका. वाचायला द्या, वाद घाला, पण वाक्यं मुलाचीच असू द्या. परीक्षकांच्या तक्त्यात भाषेला गुण असतात हे मला माहीत आहे, पण आशयाला, मांडणीला आणि खंडनालाही असतात. खंडन कुणी लिहून देऊ शकत नाही. ते तिथेच, त्याच दोन मिनिटांत सुचावं लागतं आणि जो पाठांतरावर वाढला त्याला ते सुचत नाही. चांगल्या संघात मुलं दोन्ही बाजूंची तयारी करतात. समोरच्याचे सगळ्यात जड तीन मुद्दे आधी आपणच लिहून काढतात. हे केलेल्या मुलाला टाळ्यांचा मारा आला तरी धक्का बसत नाही, कारण तो मुद्दा त्याच्या ओळखीचा असतो.

जिल्ह्याच्या स्पर्धेचा विषय होता, 'मोबाइलमुळे कुटुंबातील संवाद हरवला आहे'. वैशालीला पुन्हा प्रतिकूल बाजू. मी तिला सांगितलं, भाषण आधी आजीला अहिराणीत सांग. जे अहिराणीत आजीला सांगता येत नाही ते तुला कळलेलं नाही असं समज. एका कागदावर फक्त पाच शब्द लिही, पाच मुद्द्यांचे. तिने आजीला सांगायला घेतलं, की आज्जी, लोक म्हणतात मोबाइल आला आणि घरातलं बोलणं गेलं. आजी शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "मोबाइल नव्हता तवय तरी तुना आबा कोठे बोले मनासंगे?" म्हणजे, तेव्हा तरी तुझा आबा माझ्याशी कुठे बोलायचा?

मला फोनवर हे सांगताना वैशालीचा आवाज आनंदाने फुटत होता. तिचा सगळ्यात जोरकस मुद्दा तिला ओसरीवर मिळाला होता. आधी संवाद होता असं गृहीत धरूनच प्रस्ताव उभा आहे, मुळात तेच तपासून बघा. मोठमोठे वक्ते ज्या जागी पोचायला धडपडतात तिथे आजीने तिला एका वाक्यात नेऊन सोडलं.

अडकलं तर काय करायचं हेही आम्ही ठरवून ठेवलं, कारण अडकणं होणारच. न अडकण्याची हमी मी कुणालाच देत नाही. थांबायचं. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. आपण शेवटी जे म्हटलं ते एका वाक्यात पुन्हा म्हणायचं, 'म्हणजे माझं म्हणणं असं की'. मग कागदाकडे बघायचं, उघडपणे, लपून नाही. तीनचार सेकंद जातात. बोलणाऱ्याला ती फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला वाटतं वक्ता विचार करतो आहे. हे सरावात मुद्दाम करायचं. वैशाली घरी चालू भाषणात मधेच स्वतःला अडवायची, धाकटा भाऊ टाळी वाजवेल तिथे थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. त्याला हा खेळ इतका आवडला की तो दर वाक्याला टाळी वाजवायला लागला.

स्पर्धेत ती अडकली. तिसऱ्या मुद्द्यावर. थांबली, कागद बघितला, पुढे गेली. खंडनात आजीचं वाक्य तिने अहिराणीतच म्हटलं, आणि सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, परीक्षकांमधले एक जण मान हलवून काहीतरी लिहीत होते. चषक दुसऱ्या तालुक्याच्या जोडीने नेला. संघाला काही मिळालं नाही. त्या रात्री वैशालीच्या आईचा फोन आला, "मॅडम, पोटभर जेवली." माझ्यासाठी तो निकाल पुरेसा होता, आणि त्याचा मला अभिमान वाटतो हे मी मोकळेपणाने सांगते.

पालकांना काही गोष्टी. स्पर्धेला जरूर जा, पण कुठे बसायचं हे मुलाला विचारा. मोबाइल उंच धरून शूटिंग करत बसू नका. स्टेजवरून मुलाला तुमचा चेहरा दिसायला हवा, त्याच्याऐवजी कॅमेरा दिसतो. घरी आल्यावर 'कितवा नंबर' हा प्रश्न थोडा वेळ गिळा. त्याऐवजी विचारा, समोरच्याचा कुठला मुद्दा तुला भारी वाटला? तुझा कुठला मुद्दा त्याला तोडता आला नाही? अशा प्रश्नांनी मुलाचं लक्ष स्वतःच्या फजितीवरून विषयाकडे वळतं. आणि 'शेजारच्याचा मुलगा बघ कसा बोलतो' हे वाक्य घरातून हद्दपार करा.

नाव काढून घ्यायला मी का नको म्हणते तेही सांगते. नाव काढलं की त्या दिवशी पोट दुखायचं थांबतं, मुलाला फार हलकं वाटतं. पण त्या हलकेपणातून मन एक चुकीचा धडा घेतं, की वाचलो ते पळाल्यामुळे वाचलो. पुढच्या वेळी भीती मोठी होऊन येते, मग तोंडी परीक्षा टाळली जाते, मग मुलाखत. उलट, धडधडत्या छातीने का होईना मूल बोलून खाली उतरलं, अगदी वाईट बोलून उतरलं, तरी त्याला कळतं की आपण जिवंत आहोत. पण एक लक्षात ठेवा. भीती स्पर्धेपुरती न राहता पसरत असेल, म्हणजे मूल कॉलेजला जायचंच टाळतं, झोप आणि जेवण कित्येक आठवडे बिघडलेलं आहे, मित्रमैत्रिणींशी बोलणं बंद केलं आहे, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलतं, तर स्पर्धेचा विषय बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते. त्यात कमीपणा काही नाही.

वैशाली आता बारावीत आहे. मध्यंतरी तिचे वडील बाजार समितीच्या कामासाठी आले होते तेव्हा दोघं भेटून गेले. बोलता बोलता पप्पांनी तिला विचारलं, "पुन्हा कापसावर विषय आला तर कोणती बाजू घेशील?"

"चिठ्ठीत येईल ती," वैशाली म्हणाली, "पण हिशेब तुम्हीच सांगायचा."